कॅमेऱ्याचं वऱ्हाड

कॅमेरा घरात कधी एकटा येत नाही. नवरदेवासारखा वऱ्हाड घेऊन येतो. ट्रायपॉड, ट्रायपॉडची प्लेट, बॅग, हूड, कार्ड, चार्जर, रिमोट. नवरदेव बिचारा गप्प बसलेला असतो. रुसतं ते वऱ्हाड! म्हणून लग्नातले किस्से जसे नवरदेवाचे नसतात, वऱ्हाडाचेच असतात, तसंच आमचं झालंय. कुठला फोटो किती चांगला आला ते आम्ही कधीच विसरलो. कुठली वस्तू ऐन वेळी कुठे अडली, ते मात्र तिघांना तोंडपाठ आहे. एक सांगायला घ्यावा तर त्याचं शेपूट धरून दुसरा हजर!

तिघं म्हणजे मी, नंदू परब आणि शिल्पा कांबळे. मी राहतो फणसवाडीत, नोकरी शिवडीला, एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोडाऊनमध्ये. लालबागचा नंदू तिथे माझ्या शेजारच्या टेबलावर असतो. शिल्पा परळच्या एका शाळेत शिकवते. फोटोग्राफी कोणीच शिकलेलं नाही. यूट्यूब आणि चुका, हे आमचे दोन गुरू.

चौथ्या, नंदूच्या आई. परब काकी. त्यांच्याकडे कॅमेरा नाही. पण आमचा प्रत्येक किस्सा फिरून त्यांच्याच दारात येतो, कारण नंदूने कॅमेरा घेतला तोच त्यांच्यासाठी.

नंदूच्या घरी, टीव्हीच्या वर, त्याच्या बाबांचा हार घातलेला फोटो आहे. बाबा मिलमध्ये होते. गेले तेव्हा घरात त्यांचा एकट्याचा एकही फोटो निघाला नाही. शेवटी कोणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो स्टुडिओत दिला. त्यांनी बाबांना कापून मोठं करून दिलं. फोटो छान आहे. फक्त बाबांच्या डाव्या खांद्यावर एक हात आहे. मनगटापर्यंत. बोटात अंगठी. पुढचा माणूस कापला गेला आणि उरलेला तुकडा स्टुडिओतून परत आलाच नाही.

मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा चहा पिता पिता त्या हाताकडेच बघत होतो. न राहवून विचारलं, "काकी, हा हात कोणाचा?"

"माका काय ठावक?" काकी म्हणाल्या. "लग्नात सगळ्यांचे हात सगळ्यांच्या खांद्यार आसतत."

नंदूच्या मनात तो हात कायम सलत राहिला. आईचं तरी असं होऊ नये. आईचा एक चांगला, अख्खा, स्वतंत्र फोटो हवा, आणि तो ती धडधाकट असतानाच हवा. एवढ्यासाठी त्याने सेकंडहँड कॅमेरा घेतला. पहिल्याच दिवशी आईसमोर धरला. काकींनी पदराने तोंड झाकलं.

"मेल्या, तुका माका भिंतीर चढवची घाय झाली काय? एकट्या माणसाचो फोटो म्हणजे हाराचो फोटो!"

तर तिथून हे सगळं सुरू झालं.

* * *

कॅमेऱ्याच्या बॅगा कोण बनवतं, मला माहीत नाही. पण तो माणूस पक्षी बघायला कधीच गेला नसणार.

नंदू आणि मी सरावासाठी एका सकाळी शिवडीच्या धक्क्यावर गेलो. चिखलात फ्लेमिंगो अगदी जवळ आले होते. धक्क्यावर माणसं बरीच, पण श्वासाचाही आवाज नाही. नंदूने लेन्स बदलायला बॅग उघडली.

चर्रर्रर्र!

वेल्क्रो! एवढा मोठा आवाज एवढ्या छोट्या पट्टीतून कसा येतो, हे मला अजून कळलेलं नाही. सगळा थवा एका झटक्यात उठला आणि पार लांब, ट्रॉम्बेच्या बाजूला जाऊन बसला. धक्क्यावरच्या सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. सगळ्यात पुढे उभी असलेली एक बाई कॅमेरा खाली करून नंदूला म्हणाली,

"झालं? की अजून एखादा कप्पा आहे?"

ती शिल्पा. आमची मैत्री अशी झाली.

घरी आल्यावर नंदूने हे आईला सांगितलं. काकींनी ऐकून घेतलं, कात्री आणली, वेल्क्रोच्या सगळ्या पट्ट्या काढल्या आणि आपल्या शिवणाच्या डब्यातली टिचबटणं लावून दिली. आता ती बॅग आवाज न करता उघडते. शिल्पाने ती पहिल्यांदा बघितली तेव्हा म्हणाली, "काकींनी कॅमेऱ्याला ब्लाऊज शिवलाय!"

* * *

नंदूच्या भाचीचं लग्न होतं, दादरला. नंदूचा हिशेब साधा होता. लग्नात काकी नटणार, नवी साडी नेसणार, चार लोकांत आपला फोटो निघतोय हे त्यांच्या लक्षातही येणार नाही. त्याने हॉलमध्ये खिडकीजवळ ट्रायपॉड लावून ठेवला. काकी येऊन बरोबर त्या खिडकीतच बसल्या! उजेड असा की विचारू नका. नंदूने डोळा लावला आणि बॅटरी संपली.

खिशात दुसरी बॅटरी होती. पण बॅटरीचं झाकण कॅमेऱ्याच्या पोटाला, आणि पोटाला ट्रायपॉडची प्लेट. प्लेट काढल्याशिवाय झाकण उघडत नाही. आणि प्लेटचा स्क्रू कसा, तर नाणं घालून फिरवायचा! त्या स्क्रूला खाच असते नाण्यासाठी. ज्या कोणी ही युक्ती काढली त्याला मनातल्या मनात शाबासकी मिळाली असेल, की स्क्रू ड्रायव्हर कोण बाळगतं, नाणं तर प्रत्येकाच्या खिशात असतंच!

नंदू अख्ख्या हॉलमध्ये फिरला. "ए, एखादं नाणं आहे काय रे?" सगळे त्याच्याकडे बघायला लागले. नंदूच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांनी तर फोन काढला. "नाणं नाही. स्कॅन करू काय?"

केटरिंगवाल्याकडे नाही. भटजींकडे नाही. भटजींच्या ताम्हनाशेजारीसुद्धा क्यूआर कोड!

आणि मग नंदूला आठवलं. खिशात आहेराचं पाकीट होतं. त्याच्या बायकोने सकाळीच नाव घालून दिलेलं. आणि आहेराच्या पाकिटावर काय चिकटवलेलं असतं? शकुनाचा रुपया! त्याने तो नखाने उचकटून काढला, प्लेट सोडवली, बॅटरी बदलली, मान वर केली. काकी जेवायला गेल्या होत्या.

पंधरवड्याने भाचीचा फोन आला. "मामा, पाकीट पोचलं हां. पण त्याच्यावरचा रुपया कुठाय? आई म्हणते, अपशकुन असतो."

"अगो, तो प्लेटला लागला."

"कसली प्लेट? जेवणाची प्लेट धरलीस की काय?" भाचीला वाटलं, मामा माणशी प्लेटचा हिशेब काढतोय!

तेव्हापासून नंदूच्या बॅगेत कायम एक रिकामं आहेराचं पाकीट असतं. रुपयासकट. मॉलच्या दारात सिक्युरिटीवाल्याने एकदा ते बाहेर काढलं. "ये क्या है?"

नंदू म्हणाला, "स्क्रू ड्रायव्हर."

* * *

हा किस्सा शिल्पाचा.

तिच्या भावाच्या मुलाचं नाव ठेवायचा कार्यक्रम होता, त्यांच्या वस्तीतल्या विहारात. शिल्पाने नुकताच लेन्सचा हूड घेतला होता. हूड म्हणजे लेन्सच्या तोंडावरची टोपी, उन्हाची तिरीप आत येऊ नये म्हणून. नवीन वस्तू. मग काय, विहारात ऊन नसतानाही तिने तो लावला. आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश सुरू केला. आता फ्लॅश वर, हूड खाली पुढे आलेला. प्रत्येक फोटोत हूडची सावली पडली. फोटोच्या तळाशी, बरोबर मधोमध, एक काळं गोल डोकं!

दोन्ही वस्तू एकाच कंपनीच्या. एकमेकींना कधी भेटल्याच नव्हत्या की काय, हा माझा प्रश्न आहे.

शिल्पाला त्या दिवशी काही कळलं नाही. फोटो घरच्या ग्रुपवर गेले. लगेच वहिनीचा मेसेज. "बाळाच्या प्रत्येक फोटोत कोणाचं तरी टक्कल मधे आलंय!"

त्या घरात टक्कल एकच. मोठ्या काकांचं. आणि काका त्या दिवशी होतेच पुढच्या रांगेत. ग्रुपवर कोणी नाव घेतलं नाही, पण सगळ्यांनी हसण्याचे चेहरे टाकले. काकांनी रात्री स्वतः फोन केला. "शिल्पा बेटा, माझ्या लक्षात आलं नाही गं. म्हाताऱ्या माणसाला पुढे बसायची हौस. सांगायचं ना तिथल्या तिथे!"

शिल्पाने हूडचं, फ्लॅशचं, सगळं समजावून सांगितलं. काका "हो हो" म्हणाले. पटलं नाही.

पुढच्या कार्यक्रमाला ते आले ते टोपी घालून. आणि बसले सगळ्यात मागे!

* * *

काकींचा सगळ्यात चांगला फोटो मी काढला आहे. तो कुठेही नाही.

रविवार होता. काकी दाराशी पाटावर बसून कोळंबी सोलत होत्या. गॅलरीतून ऊन तिरपं आत आलं होतं. शेजारची मांजर काकींच्या गुडघ्याला अंग घासत आशेने बघत होती. काकी तिला म्हणाल्या, "सोलूक लागशीत तर देतंय," आणि स्वतःच्याच बोलण्याला मनापासून हसल्या. मी कॅमेरा उचलला. त्यांना कळलंही नाही. बटण दाबलं.

पडद्यावर आलं, कार्ड लॉक्ड.

मेमरी कार्डाच्या कडेला एक बारीकसा खटका असतो. नखाएवढाही नाही. तो खाली सरकला की कार्डावर काही लिहिलं जात नाही. चुकून फोटो पुसले जाऊ नयेत म्हणून ही सोय. पण कार्ड आत सरकवताना तो खटका आपोआप खाली येतो! मुद्दाम खाली करायचा तर नख लागत नाही, आणि नको असतो तेव्हा नुसत्या वाऱ्याने सरकतो. या सोयीचा फायदा झालेला माणूस मी अजून शोधतोय.

मी कार्ड काढेपर्यंत ऊन होतं, मांजर होती, कोळंबी होती. हसू गेलं होतं.

"काय झाला?" काकींनी विचारलं.

मी कार्ड त्यांच्या हातात दिलं, खटका दाखवला. लॉक म्हणजे काय ते सांगितलं. त्यांनी ते उजेडात धरून नीट बघितलं.

"कडी लावन ठेवल्यार भुतूर कोण येतलो?" एवढं बोलून त्या परत कोळंबीकडे वळल्या.

त्या दिवसापासून माझ्या सगळ्या कार्डांच्या खटक्यांवर चिकटपट्टी आहे. शिल्पा म्हणते, तुझी कार्डं नेहमी जखमी दिसतात.

* * *

यानंतर नंदूने डाव बदलला. एकटीचा फोटो नको ना? ठीक. ग्रुप फोटो काढू! घरचे सगळे, शिवाय मी आणि शिल्पा. काकींना मधोमध बसवायचं आणि मग कॉम्प्युटरवर हळूच कापून घ्यायचं.

काकी चक्क तयार झाल्या. हिरवी साडी नेसल्या. आम्ही सगळे मागे उभे. नंदूने टायमर लावला, बटण दाबलं आणि धावत येऊन उभा राहिला.

तो धावला तशा काकी दचकून उठल्या. "खंय धावतस रे? पडशीत!"

क्लिक. काकींची पाठ.

पुन्हा करायचं म्हणून नंदू कॅमेऱ्याकडे गेला, बटण दाबलं. लगेच क्लिक! या कॅमेऱ्यात टायमर एकदा वाजला की आपणहून बंद होतो. प्रत्येक वेळी मेनूत जाऊन पुन्हा लावायचा. फोटो आला, त्यात नंदूचं नुसतं पोट. पुन्हा मेनू, पुन्हा टायमर, पुन्हा धाव. काकी पुन्हा अर्ध्या उठलेल्या. पोरगा घरातल्या घरात धावत सुटलेला बघून कुठली आई बसून राहील? हे टायमर बनवणाऱ्याला कोणीतरी विचारायला हवं होतं.

"आई, तू हलू नको गे! फक्त बस! बाकीच्यांचं काही होऊ दे, तू बस!"

काकी बसल्या. पण नंदूकडे बघत राहिल्या.

"म्हणजे बाकीचे कापतलस तू."

 नंदूने मेनूत डोकं घातलं.

"काप मेल्या, काप. तुझ्या बापाशीक कापलंस, तरी कोणाचो तरी हात खांद्यार रवलो. माका कापशीत तर काय रवतला?"

त्या उठल्या, आत गेल्या आणि साडी बदलून आल्या. नंदूने कॅमेरा बॅगेत ठेवला. टिच, टिच, टिच. तिन्ही बटणं लागल्याचा आवाज आला तेवढाच.

* * *

नंतर बरेच दिवस त्याने कॅमेरा बाहेर काढला नाही. ऑफिसात विषय निघाला तरी टाळायचा. मधे काकी आठवडाभर तापाने आजारी होत्या. त्या बऱ्या झाल्या, पण नंदूचा चेहरा उतरला. एकदा डबा खाताना मला म्हणाला, "विनू, एवढा कॅमेरा घेऊन शेवटी आधार कार्डाचाच फोटो मोठा करायला लागणार बघ."

मग त्याने ऑनलाइन एक रिमोट मागवला. आगपेटीएवढा, एकच बटण. धावायला नको, टायमर नको. मला आणि शिल्पाला बोलावलं. काकी खुर्चीत पेपर वाचत बसल्या होत्या. नंदूने ट्रायपॉड त्यांच्यासमोर लावला, निरागस चेहरा करून कॅमेऱ्याच्या मागे उभा राहिला आणि पाठीमागे लपवलेल्या हातातला रिमोट हळूच पुढे आणून दाबला.

काही झालं नाही. पुन्हा दाबला. वरून दाबला, बाजूने दाबला.

शिल्पाने माहितीपत्रक वाचलं आणि कपाळाला हात लावला. "अरे, याचा डोळा कॅमेऱ्याच्या तोंडावर आहे! रिमोट पुढून दाखवला तरच चालतो. मागून नाही चालायचा."

"मागे उभा असतो तो फोटोग्राफर ना?" नंदू ओरडला. "मग रिमोट कोणासाठी बनवलाय?"

त्याने कॅमेऱ्याला मिठी मारल्यासारखा हात पुढे घातला आणि बटण दाबलं. क्लिक! फोटोत नंदूचा अंगठा.

काकींनी पेपर खाली ठेवला.

"आण हकडे."

"काय?"

"तो रिमोट. टीव्हीचो आसता तसोच ना? पुढसून दाबूचो?"

नंदूने दिला. काकींनी तो उलटसुलट करून बघितला. मग आम्हाला म्हणाल्या, "तुमी तिघांय भायर व्हा. माका लाज वाटता."

आम्ही गॅलरीत येऊन उभे राहिलो. आतून काकींनी कडी लावली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. नंदू कठड्याला टेकून खाली बघत होता, पण कान दाराकडे. मग क्लिक. थोड्या वेळाने क्लिक. मधेच काकी कोणाशी तरी बोलल्यासारख्या वाटल्या. मग आणखी एक क्लिक, आणि कडी उघडली.

"बघा आता. माका चाय ठेवची आसा."

आम्ही कार्ड लॅपटॉपला लावलं. पहिल्या फोटोत काकी रिमोट कॅमेऱ्यावर रोखून बसल्या होत्या, चॅनल बदलायचा आहे अशा. शिल्पा हसली. दुसऱ्यात डोळे मिटलेले.

तिसऱ्यात काकी सरळ आमच्याकडे बघत होत्या. हिरवी साडी, चापूनचोपून. मघाचा तो बराच वेळ ही नेसण्यात गेला होता. रिमोट पदराखाली लपवलेला. ओठांवर मांजरीशी बोलतानाचं हसू. आणि उजवा हात छातीवरून आडवा नेऊन स्वतःच्याच डाव्या खांद्यावर ठेवलेला. बोटं जराशी पसरलेली. बोटात अंगठी.

नंदूने स्क्रीनकडे बघितलं, मग टीव्हीच्या वर, बाबांच्या फोटोकडे बघितलं.

शिल्पा हळूच म्हणाली, "काकी, फोटो मस्त आलाय. पण हात तुमचाच आहे ते कळतंय हो. कोपर दिसतंय इथे छातीवर."

काकींनी स्वयंपाकघरातून डोकंही बाहेर काढलं नाही.

"हार घातल्यार नाय दिसाचा."